पाटाकाठची नाशपती

दलेन्दा : आणि हे निळं काय आहे, बाबा?

खमीस : कुठलं निळं?

दलेन्दा : पानांवरचं. हे बघा, बोटाला लागतंय.

खमीस : चिमण्यांनी घाण केली असेल.

दलेन्दा : आपल्या मोर्नागच्या चिमण्या आता मोरचूद खायला लागल्या वाटतं?

जलीला : तुझ्या बाबांनी पंप खुराड्यामागे लपवलाय गं. अजून ओला असेल. मी काही बोलले नाही हां.

खमीस : जलीला!

जलीला : बोलले नाही म्हणते ना!

दलेन्दा : तुम्ही फवारलंत? माझ्या झाडांवर? बाबा, तीन बहर झाले, या रांगांवर मी थेंबभर औषध पडू दिलं नाही. करप्यात ही स्वतःच्या जोरावर तगतात का, एवढंच बघायचं होतं. उद्या सरकारी समिती येतेय. शेवटची पाहणी!

खमीस : म्हणून तर फवारलं. साहेब येणार, झाडं हिरवीगार दिसायला नकोत?

दलेन्दा : दिसण्यासाठी नव्हती लावली!

खमीस : मग काय मरण्यासाठी लावलीस? तिकडे संस्थेत काचेच्या खोलीत कात्री रोगाच्या पाण्यात बुडवतेस आणि कोवळी पानं कापतेस. स्वतःच्या हाताने रोग लावतेस! मेली ती भट्टीत, उरली ती माझ्या दारात. का, तर म्हणे इथला करपा सगळ्यांत वाईट. लोकांच्या मुली घरी येताना मिठाई आणतात.

दलेन्दा : औषध पिऊन जगणारं झाड मला काय कामाचं? ते सगळ्यांकडे आहे, आणि सगळ्यांचं जळतंय. रोगाला अडवायचा गुण जंगली नाशपतीत आहे. तो गोड नाशपतीत उतरवायला मी जन्म घातला. एकेका फुलात कुंचल्याने पराग भरला, संकराची रोपं वाढवली, त्यांचा पुन्हा संकर केला, पानापानाची जनुकं तपासली. आणि तुम्ही एका सकाळी उठून...

जलीला : दोन सकाळी.

खमीस : तू आत जाऊन चहा ठेव बघू.

जलीला : चहा झालाय. मी इथेच बरी आहे.

खमीस : ऐक, बिन्ती, ऐक पोरी. मला हे शिकवलं कोणी? बागेत करपा आला तेव्हा मी साधाभोळा माणूस, स्वतःच्या पायाने सरकारी कचेरीत जाऊन सांगितलं, शेंडे वाकलेत, फांद्यांतून चिकट पाणी गळतंय, या बघायला. आले. चहा प्यायले. मग एका झाडाला रंगाचा ठिपका, त्याच्या शेजारच्याला ठिपका, त्याच्याही शेजारच्याला. अख्खी बाग उपटून जाळायला लावली. माझ्या बापाच्या हातची कलमं होती ती. तेव्हापासून मला एकच कळतं, साहेब यायचे म्हटलं की झाड हिरवं दिसलं पाहिजे.

दलेन्दा : मला नका सांगू ते. त्या धुरात मी उभी होते. तो धूर बघितला म्हणून तर या कामात पडले. पण उद्या ते जाळायला येत नाहीयेत, बाबा. आणि मला त्यांना सांगावंच लागेल, फवारणी झाली, चाचणी बाद.

जलीला : बाद म्हणजे?

दलेन्दा : बाद म्हणजे रांगा उपटायच्या. पुन्हा जागा नाही, माणसं नाहीत. इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात.

खमीस : धुऊन टाकू की! नळी लावतो. कुणाला कळणार आहे?

दलेन्दा : मला कळलंय ना.

जलीला : पण अहो, सी खमीस, एवढी मेहनत करून फायदा काय झाला? ते शेंडे बघा. वाकलेत की.

दलेन्दा : कुठे? अरे देवा. हे गेलं. हे पण. पानं बघ उम्मी, भाजून काढल्यासारखी झालीत. गेल्या खेपेला ठीक होतं हे.

खमीस : मोरचूद कमी पडला असेल.

दलेन्दा : गप्प बसा हो जरा! हेही गेलं. अख्खी रांग गेली. दुसरीसुद्धा. औषध पिऊनही गेली. म्हणजे यांच्यात काही उतरलंच नव्हतं. मी इतकी वर्षं काय करत होते?

जलीला : रडू नकोस गं. पाटाकाठचं तुझ्याच संकराचं ते एकटं झाड राहिलंय की बघायचं.

खमीस : त्याचं नाव काढू नकोस. रानटी जात! हे एवढाले काटे, माझ्या चांगल्या सदऱ्याची बाही फाडली त्याने. त्याच्यावर मी थेंबभर औषध वाया घालवलं नाही.

दलेन्दा : काय म्हणालात?

खमीस : काय म्हणालो? आता त्याच्यावरूनही रागावणार का?

दलेन्दा : त्याला फवारलं नाही? उम्मी, तू सांग. खरं सांग.

जलीला : खरंच नाही. मी दारातूनच बघत होते. हे पाटापाशी गेले, झाडाला दोन शिव्या घातल्या आणि तसेच परत आले.

(पाटाकाठी. तिघंही त्या झाडाभोवती.)

दलेन्दा : निळा डाग नाही. खालच्या पानांवरही नाही.

खमीस : हिरवं आहे. घे, झालं तुझं काम!

दलेन्दा : नाही झालं. करपा इथवर पोचलाच नसेल तर? मग नुसतं नशीब.

खमीस : नशिबाला काय झालं?

दलेन्दा : नशिबाचं कलम करता येत नाही, बाबा.

जलीला : हा फुलांचा गुच्छ काळा पडलाय बघ. इथे, पानाआड.

दलेन्दा : बघू! हो, फुलातून शिरलाय. देठ काळा, चिकट थेंब सुकलेला. आला होता! बाबा, चाकू द्या.

खमीस : कापू नकोस.

दलेन्दा : साल सोलल्याशिवाय कळणार कसं, कुठवर उतरलाय ते?

खमीस : माझ्या झाडांत बघता बघता खोडापर्यंत गेला होता. हळू. हा घे चाकू, तूच सोल.

दलेन्दा : इथे तांबडं आहे. इथेही तांबडंच. इथे...

खमीस : बोल की!

दलेन्दा : पांढरी. बाबा, आतून पांढरी आहे साल. ओली, स्वच्छ.

खमीस : खाली सोल.

दलेन्दा : पांढरी.

खमीस : अजून खाली.

दलेन्दा : पांढरी, पांढरी, पांढरी! बोटभर आत आला आणि याने त्याला तिथेच गाडला! तुमचं औषध पिऊन बाकीची गेली आणि हे उपाशी उभं राहिलं! उतरलाय तो गुण! उतरलाय!

जलीला : यूयूयूयूयू!

खमीस : अगं, असा आनंदाचा हेल काढायला लग्न आहे का इथे? शेजारी धावत येतील!

जलीला : येऊ देत! यूयूयूयूयू!

खमीस : ओरड, ओरड. पण फळ कडू निघालं म्हणजे कळेल.

जलीला : गेल्या उन्हाळ्यात कुसकुस खाऊन झाल्यावर तुम्हाला नाशपती कापून दिल्या होत्या, आठवतं? रस कोपरापर्यंत ओघळला होता. कुठल्या बाजारातून आणल्यास म्हणून विचारत होतात.

खमीस : त्या याच्या होत्या?

दलेन्दा : याच्याच. तपासायला नेऊन उरलेल्या.

खमीस : आणि दोघी मला बोलला नाहीत!

जलीला : बोललो असतो तर खाल्ल्या असत्यात का?

दलेन्दा : बाबा, उद्या समितीसमोर तुम्हीच बोलायचं. काय फवारलं, कशावर फवारलं, याच्यावर का नाही. तुमच्याशिवाय मला साक्षीदार नाही.

खमीस : त्या ठिपकेवाल्यांसमोर?

दलेन्दा : त्यांच्यासमोरच.

खमीस : सांगतो. मोठ्याने सांगतो. म्हणतो, मी लपवायला गेलो होतो, साहेब, पण लपवण्यासारखं काही उरलंच नाही. माझ्या पोरीचं झाड बघा, आणि लागला तर आपला चाकू आणा.

दलेन्दा : मिठी तर मारू द्या!

खमीस : थांब गं, हिशेब करू दे. याचं कलम बांधलं, तर पहिलं फळ कधी?

दलेन्दा : तिसऱ्या-चौथ्या वर्षी.

जलीला : या वयात पुन्हा बाग?

खमीस : चौथं वर्ष ना? मग आहे वेळ.