तुह्या आजीले सांग

दामिनी : "…आजोबांचा आजीवर फार जीव होता. त्यांनी कधी तिच्यावर आवाज चढवला नाही." भाषण इथपर्यंत ठीक आहे ना, आजी?

कौशल्या : आवाज चढवाले आवाज तं निंगाले पायजे.

दामिनी : म्हणजे?

कौशल्या : काही नाही. वाच पुढं. अन् तो पंखा कमी कर, सुपातलं फोल डोयात जाऊन राह्यलं.

दामिनी : "तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी गावातले अठरा मोडते संसार जोडले. आज त्या अठरा घरांत चूल पेटते, ती आमच्या आजोबांमुळे."

कौशल्या : एकोणीस. चंद्रभानची सून इसरली तू. तिले मोर्शीहून, तिच्या मायेरून, सोता जाऊन आनलं. आपल्याच ओट्यावर दोघायले समोरासमोर बसवलं अन् म्हने, "नवरा-बायकोचा अबोला म्हंजे घरात साप. आजच्या आज बोला."

दामिनी : किती भारी! हे टाकतेच मी.

कौशल्या : टाक ना. मंग चहा कसा सांगतला तेबी टाक.

दामिनी : कसा सांगितला?

कौशल्या : तू आठ वर्साची होती, उन्हायाच्या सुट्टीत अकोल्याहून आल्ती. मी त्यायच्या पाठीमागंच उभी, दोन हातावर. अन् तुले हाका मारून बलावलं. "तुह्या आजीले सांग, चार कप चहा ठेव मनावं."

दामिनी : ते तर नेहमीच तसं सांगायचे. मी निरोप पोचवला की हातावर लिमलेटची गोळी. मला खेळ वाटायचा तो.

कौशल्या : साऱ्यायलेच वाटे. तू नसली तं गड्याले सांगत. गडी नसला तं गोठ्यातल्या वासराले. "सांग बाप्पा, पाव्हने आले मनावं."

कुलदीप : काय हसून राहिल्या दोघी? दामिनी, झालं का लिहून? उद्या तेरवीले पाचशे माणूस जेवाले हाये. माइकवर अडखळली तर माही इज्जत जाईन.

दामिनी : बाबा, कोणी हसत नाहीये. आजोबा आजीशी बोलायचेच नाहीत का?

कुलदीप : जुन्या मानसायची रीतच तशी राहते. चारचौघात बायकोशी बोलत नाहीत.

कौशल्या : चारचौघात नाही. अन् दोघात? अडतीस वर्सं झाले, कुलदीप. तू सात वर्साचा होता. तुह्यामागं या घरात लेकरू काहून नाही झालं, कधी इचार केला?

कुलदीप : आई! पोरीसमोर काय हे!

कौशल्या : पोरगी माइकवर बोलनार हाये. तिले मालूम पायजे.

दामिनी : कशावरून झालं, आजी? भांडण झालं होतं?

कौशल्या : भांडन झालं असतं तं मिटलं असतं, समितीच घरात होती. चांदूर बाजारची गोठ हाये. संत्र्याचा ट्रक मागं येऊन राह्यला होता. हे पाठमोरे, खाली बसून पेट्या बांधून राह्यले. डायवरचा टेप जोरात. म्या वरडलं, "अहो! अहो!" पंधरा मानसायनं वळून पायलं. साऱ्यायच्या बायका अहोच म्हनतात ना! एक हेच नाही वळले. मंग ट्रक हातभर राह्यला अन् माह्या तोंडातून निंगालं…

दामिनी : काय?

कौशल्या : "नत्थूऽऽ!"

दामिनी : नाव घेतलंस?

कौशल्या : लग्नात उखाण्यात घेतलं, त्याच्यानंतर तवाच. जी नाही, राव नाही. नुसतं नत्थू. गड्याले हाका मारतात तसं. ते उडी मारून बाजूले झाले. पेट्यायचा चुरा झाला.

दामिनी : म्हणजे तू जीव वाचवलास त्यांचा!

कौशल्या : जीव वाचला, मान गेला. हमाल हसले. वर्सभर बाजारात ज्याच्या-त्याच्या तोंडात बायकी आवाजात "नत्थूऽऽ". त्या संध्याकाळी घरी आले, पाटावर बसले अन् तुह्या बापाले म्हने, "तुह्या मायले सांग, भाकर वाढ." तुले आठवते का रे?

कुलदीप : …भाकर आठवते.

कौशल्या : पाय धरले म्या. चुलतसासऱ्याले मधात घातलं. मले वाटलं पोळ्यापर्यंत बोलतीन. मंग वाटलं दिवाळीपर्यंत. गावाले देव मानूस होता, कुलदीप. खोटं नाही सांगत. रातोरात कोनाच्या बाळंतिनीसाठी धावून जात. दुसऱ्याच्या बायकोले "माय, बाई" करत. मी भाजी वाढत राह्यली.

कुलदीप : झालं ते झालं, आई. गेलेल्या मानसाचं चांगलं बोलावं. दामिनी, शेवट वाच, शेवट चांगला हाये. तो म्याच सांगतला तिले.

दामिनी : "अमरावतीच्या दवाखान्यात अखेरच्या क्षणी आजीच्या हातचं पाणी पिऊन त्यांनी समाधानानं डोळे मिटले."

कौशल्या : हे काढ.

कुलदीप : काहून? साऱ्या गावाले म्या हेच सांगतलं. बाया डोये पुसतात आयकून.

कौशल्या : जीव होता ते राहू दे, आवाज चढवला नाही तेबी राहू दे. हे तेवढं काढ.

कुलदीप : मी औषधी आनाले खाली गेलो, तवा तूच तं होती जवळ. परत आलो तं तुह्या हातात गिलास होता. म्या पायला.

कौशल्या : गिलास होता.

दामिनी : आजी, काय झालं होतं?

कौशल्या : डाक्टरनं चमच्यानं पानी पाजा म्हनलं होतं. दुपार होती. त्यायनं डोये उघडले. ओठ पार सुकेल. माह्याकडं पायलं, चांगलं वळखलं. मंग भिंतीकडं तोंड केलं अन् म्हनलं, "सिस्टरले सांगा, पानी पायजे."

कुलदीप : मंग? देल्लं ना तू?

कौशल्या : खोलीत तिसरं मानूस नोयतं. म्या म्हनलं, मले मांगा. एकडाव. नाव नोका घेऊ, अहो-काहो काही नोका म्हनू. नुसतं "दे" म्हना.

दामिनी : आणि आजोबा?

कौशल्या : पुन्हा म्हनलं, "सिस्टर."

कुलदीप : आई, देल्लं ना तू?

(कौशल्या सूप खाली ठेवते.)

कौशल्या : मी उभी राह्यली, गिलास घेऊन. ते भिंतीकडं पाहात राह्यले. दोघायलेबी सवय होती. सिस्टर आली, नाडी पायली अन् म्हने, "आजी, आता पानी नोका पाजू."

दामिनी : मग… त्या पाण्याचं काय केलंस?

कौशल्या : म्या पेलं. सकायपासून माह्या पोटात थेंब नोयता.