बहिऱ्याचं एक मिनिट

नाही नाही, टाळ्या नकोत, त्या टाळ्यांनीच तर माझी वाट लावलीय! तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी लोकांना थिएटरातून पळवून लावणारे सिनेमे काढले, खटले अंगावर घेतले, सख्खी आई शेजाऱ्यांना सांगायची, 'आमचा विमा विकतो हो'... आणि आता कॉलेजा-कॉलेजांतून उभा राहून विनोद सांगतोय! का? तर सिनेमा बघायला पाच माणसं येतात, आणि त्याला शिव्या कशा पडल्या ते ऐकायला पाचशे! हसू नका हो, खरं सांगतोय.

तर आमचा एक साउंडवाला होता. आम्ही त्याला बहिरा म्हणायचो, कारण हाक मारली तर ढिम्म, पण तीन खोल्यांपलीकडचा फ्रिज ऐकू यायचा. 'तो फ्रिज बंद करा आधी!' आणि शॉट संपून सगळे चहाला पळणार, तेवढ्यात ह्याचा हात वर, 'कुणी हलायचं नाही! खोली भरून घेतोय!' त्यांच्यात ती पद्धतच असते, प्रत्येक खोलीची शांतता म्हणे वेगळी, ती अर्धं मिनिट रेकॉर्ड करून ठेवायची. पन्नास माणसं श्वास रोखून उभी... आणि नेमकी मलाच शिंक! 'पुन्हा!' झालं, पुन्हा अर्धं मिनिट!

आता माझ्या त्या एकमेव गाजलेल्या सिनेमातलं ते मिनिट. आई जाते, मुलगा दारात उभा, आणि अख्खं मिनिट काही नाही. बघितलंयत ना? माणसं बाहेर जाऊन रडली हो! मी त्या जागी दहा बायकांचा आक्रोश लावला होता, वर व्हायोलिन! बहिऱ्यानं एका दुपारी ते सगळं काढलं आणि एक शांतता लावली. म्हटलं, 'कुठली रे ही?' म्हणाला, 'आमच्या आईच्या खोलीतली. ती गेली त्या सकाळी भरून ठेवली होती.' ...आणि पत्रकारांनी विचारलं, ही कल्पना कुणाची, तर ह्या तोंडानं काय सांगावं? 'माझी!' हसू नका, खरं सांगतोय.

 बहिरा परत माझ्याकडे कामाला आला नाही, आणि दोन वर्षांपूर्वी गेलाच. तेव्हापासून ते मिनिट लावलं की मला त्यात श्वास ऐकू येतो. त्याचा. माईक धरून उभ्या असलेल्या माणसाचा. आता तर कुठंही येतो... नळ बंद केला की श्वास, लिफ्ट थांबली की श्वास! डॉक्टर म्हणतो, 'कान एकदम चांगले आहेत तुमचे.' अहो, तोच तर त्रास आहे! भीती वाटते हो मला, शांत बसायची.

मागच्या महिन्यात एका कॉलेजात बघतो, तर तिसऱ्या रांगेत वहिनी! बहिऱ्याची बायको, तिथंच ग्रंथपाल. मांडीवर पर्स, चेहरा कोरा. पडद्यावर ते मिनिट दाखवून संपलं, टाळ्या पडल्या, आणि मला राहवेना. म्हटलं, थांबा! हे माझं नाही, ह्या बाईंच्या नवऱ्याचं आहे, मी चोरलं, वहिनी, मला माफ करा... आणि हॉल असा हसला, असा हसला! शिट्ट्या! त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं नवीन काहीतरी काढलंय. मी ओरडतोय, हसू नका, खरं सांगतोय, तसे आणखी लोळताहेत! प्राचार्य डोळे पुसताहेत! वहिनी उठल्या, दारापाशी मी गाठलं, तर एवढंच म्हणाल्या, 'भाऊजी, ह्यांच्यावर तरी लोकांना हसवायला नको होतं.'

त्यांनाही तो विनोदच वाटला हो!

सात फोन केले, उचलत नाहीत. आणि दुसऱ्या दिवसापासून कॉलेजांचे मात्र फोनवर फोन, 'सर, तो चोरीचा भाग आमच्याकडेही हवा हं, मुलं फार हसतात म्हणे!' म्हटलं, करतो. एखाद्या हॉलात तरी कुणी हसणार नाही, कुणी जाऊन वहिनींना सांगेल, की बाई, तो माणूस खरं बोलत होता... आज पाचवा हॉल. छापलंय बघा तुमच्या हातातल्या कागदावर, मध्यंतरानंतर लगेच: 'चोरीची कबुली, धमाल विनोदी, वेळ सात मिनिटं.'