आडवं झालं की आत जातं

(लाँड्रीची मागची खोली. थोरली आत, धाकटी दाराबाहेर.)

थोरली : दार लोटू नकोस! आत येऊ नकोस म्हणते ना!

धाकटी : ताई, मी आहे, तुमची जाऊ. मशीनमधल्या ओल्या चादरी तशाच पडल्यात. लाँड्रीभर तुम्हाला शोधतायत.

थोरली : तू काढ. माझ्यानं नाही उचलवत आता.

धाकटी : रडताय का?

थोरली : ये आत. कडी लाव. आणि तुझ्या नवऱ्याला एक अक्षर सांगायचं नाही.

धाकटी : नाही सांगणार. काय झालं?

थोरली : अंग बाहेर आलंय माझं.

धाकटी : म्हणजे?

थोरली : म्हणजे काय म्हणजे! खालून गोळा येतो. आडवं झालं की आत जातो, टोपली उचलली की पुन्हा हजर. आज हातानं सारून बघितलं, जाईचना. लघवीही अडलीय सकाळपासून.

धाकटी : अगं आई! कधीपासून हे?

थोरली : पोरीच्या लग्नापासून.

धाकटी : त्या पोरीचं पोर शाळेत जायला लागलं, ताई!

थोरली : ओरडू नकोस गं. नाक्यावरच्या डॉक्टरकडे गेले होते. नुसती जळजळ होते म्हटलं. त्यांनी न बघता ट्यूब दिली. पुढचं माझ्या तोंडातून फुटेना.

धाकटी : आणि घरी? भाऊजींना?

थोरली : ह्यांना? वर्षभर पाठ करून झोपतेय मी. त्यांना वाटतं, माझा राग आहे त्यांच्यावर. वाटू दे. पण ती गाठ असली तर? तसली?

धाकटी : मला काय कळतंय! चला, रिक्षा बोलावते. मोठ्या इस्पितळात बायकांच्या ह्याच दुखण्याच्या डॉक्टर आहेत. बाईच आहेत.

थोरली : पिशवी काढून टाकली तर?

धाकटी : ते त्यांना विचारू. उठा, माझ्या खांद्याला धरा.

(इस्पितळातली तपासणीची खोली. थोरली पलंगावर, धाकटी उशाशी.)

डॉक्टर : लघवी काढली, गोळाही आत सारला, आता पोट हलकं वाटेल. जोरात खोका बरं. हं. पुरे.

थोरली : सांगून टाका, डॉक्टरीणबाई. काय असेल ते.

डॉक्टर : ही गाठ नाही. तुमचं गर्भाशयच खाली उतरलंय. त्याला तोलून धरणारे स्नायू सैल पडलेत. बाळंतपणं, वय, ओझं, सगळ्यांनी मिळून.

थोरली : कॅन्सर नाही?

डॉक्टर : तसं काही दिसत नाही. घासून एक जखम झालीय, तिचा तुकडा तपासायला पाठवते. खात्री केलेली बरी.

थोरली : म्हणजे अजून टांगणीलाच.

डॉक्टर : थोडे दिवस, हो. खोटा धीर नाही देणार. पण उपाय आहेत. आत एक मऊ रिंग बसवता येते. व्यायाम आहेत. ऑपरेशनही आहे, ते तुम्ही ठरवल्याशिवाय नाही.

धाकटी : आणि लाँड्रीतल्या ओल्या चादरी उचलणं?

डॉक्टर : ओल्या चादरी बंद. जखमेवर मलम देते. ती भरली की रिंग बसवू. आता सावकाश उतरा.

थोरली : उभी राहिले की पुन्हा येईल.

डॉक्टर : येईल कदाचित. आलं तर काय करायचं ते मी दाखवते. घाबरून दार लावून बसायचं नाही.

धाकटी : (दाराबाहेर डोकावून) ताई, बाहेर भाऊजी आलेत. मी नाही हं बोलावलं. लाँड्रीतून कळलं त्यांना.

थोरली : काय म्हणतायत?

धाकटी : लाँड्रीत राहिलेल्या तुमच्या चपला हातात घेऊन उभे आहेत.

थोरली : बोलाव त्यांना आत. डॉक्टरीणबाई, तुम्हीच सांगा. मी ऐकते.