केबल जाळ्यात कशी गेली

पुरवणी जबाब

नाव : श्रीमती मोनाली अतुल लिंबोरे, वय २९ वर्षे, धंदा मासेविक्री व शिवणकाम, रा. सोनवडगाव, धरणकाठ, ता. पैठण, जि. छत्रपती संभाजीनगर.

मी वरील ठिकाणी सासू दगडाबाई व मुलगी श्रेया यांच्यासह राहते. आज मला कोणी बोलावून आणलेले नाही. मी गावाहून एसटीने स्वतः ठाण्यात आले असून साहेबांसमोर माझ्या मनाने सांगते की,

माझे पती अतुल हे धरणाच्या फुगवट्यात होडीने मासेमारी करीत. त्यांच्या मृत्यूबाबत माझे दीर सर्जेराव लिंबोरे यांनी ठाण्यात तक्रार दिली आहे. शहरातील एका कंपनीचे यंत्र पाण्यात सोडलेले होते, त्याच्या केबलमध्ये अडकून माझे पती बुडाले, असे त्यात लिहिलेले आहे. ती तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. तसे घडलेले नाही.

सदर कंपनी विशाखा खरात यांची आहे. त्या शहरात पुंडलिकनगरला आईसोबत राहतात. एमआयडीसीत त्यांचा छोटा कारखाना आहे. मागच्या वर्षी त्या व त्यांचे सहकारी इंद्रजीत असे दोघे जीप घेऊन आमच्या काठावर आले व होडी कोण चालवतो असे विचारू लागले. बंदरातल्या गढूळ पाण्यात नौदलाच्या पाणबुड्यांना स्वतःचा हात दिसत नाही. अशा पाण्यात आवाज सोडून, परत येणाऱ्या आवाजावरून तळाचे चित्र काढणारे यंत्र त्या बनवत होत्या. त्या संशोधनाला सरकारचे साहाय्य होते. माझे पती हसून म्हणाले, "मॅडम, समुद्र तर लई लांब राहिला. इथं कशाला?" त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात तुमचं पाणी बंदराइतकंच गढूळ असतं. इथं दिसलं तर तिथं दिसेल."

तेव्हापासून माझे पती त्यांना होडीतून नेत. यंत्र हाताच्या लांबीचे, काळे, निमुळते व केबलने होडीतल्या पडद्याला जोडलेले होते. माझ्या पतीने माशावरून त्याचे नाव मरळ ठेवले, मग त्याही मरळच म्हणू लागल्या. पुष्कळ दिवस मरळीला काही दिसत नव्हते. विशाखाताई कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून ते बाहेर काढत, काठावर चटई टाकून उघडत व पुन्हा सोडत. त्यांना चिडलेले मी पाहिले नाही. जेवायला आमच्या घरी येत. मिरचीचा ठेचा त्यांना सोसत नसे, तरी खात. माझे पती घरी येऊन सांगत, "ही बाई हटत नाय." एवढे कौतुक त्यांनी कधी कोणाचे केले नव्हते, माझेही नाही.

विशाखाताईंनी माझ्या पतीला एक लाईफ जॅकेट दिले होते. त्यांच्या कामावर असताना ते घातल्याशिवाय त्या होडी हलू देत नसत. स्वतःच्या मासेमारीला जाताना माझे पती ते घालत नसत. जाळे ओढताना आड येते म्हणत.

घटनेच्या दिवशी, पोळ्यानंतरच्या आठवड्यात, माझे पती सायंकाळी एकटेच जाळे काढायला गेले. लाईफ जॅकेट घरात खुंटीला होते व ते पोलिसांनी पंचनाम्यात घेतले आहे. त्या दिवशी कंपनीचे कोणी आले नव्हते व यंत्र पाण्यात नव्हते. जाण्यापूर्वी आमच्यात बोलाचाली झाली होती. कशावरून, ते या तपासाशी संबंधित नसल्याने सांगत नाही. अंधार पडताना वारे सुटले. सकाळी होडी पालथी मिळाली.

शोध पथकाची माणसे आली. त्यांनी कसूर केली नाही. परंतु तिथे धरणात गेलेले जुने गाव आहे, भिंती व बाभळी तशाच आहेत, आणि पाणी गढूळ होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही मिळाले नाही. काठावर लोक बोलू लागले की, भांडण झाले होते, पोहता येत होते, पुण्याला निघून गेला असेल. माझ्या सासूबाईंनी ते ऐकले.

त्याच दुपारी विशाखाताई मरळ घेऊन आल्या. मी त्यांना कळवले नव्हते. इंद्रजीत त्यांना म्हणाले, "मॅडम, केबल बाभळीत अडकली तर पुढच्या आठवड्यातली चाचणी गेली." ते मी ऐकले. चाचणी मुंबईला नौदलाच्या अधिकाऱ्यांसमोर होती, हे मला इंद्रजीत यांच्याकडून नंतर समजले. विशाखाताईंनी एवढेच विचारले, "अतुलभाऊ आपल्याला कधी पाण्यात सोडून आलेत का?" नंतर माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "वहिनी, ते जाळं कुठं लावायचे?" ते मला माहीत होते. मी म्हणाले, "मी येते दाखवायला." दीर नको म्हणाले व काठावरच थांबले. शेजारी बद्रीनाथ यांनी होडी चालवली. मी, विशाखाताई व इंद्रजीत असे होडीत होतो. पथकाची बोट मागे होती.

दोनदा बाभळीचे खोड निघाले. त्यानंतर जुन्या पाराजवळ विशाखाताईंनी हात वर करून होडी थांबवायला लावली. पडदा स्वतःकडे वळवून घेतला. थोड्या वेळाने विचारले, "वहिनी, तुम्ही बघता का मी सांगू?" मी म्हणाले, मी बघते. पडद्यावर तांबूस चित्र होते. त्यात चेहरा दिसत नाही. माणूस आडवा होता, त्याच्या मागे काळी सावली पडलेली होती आणि एक हात डोक्याच्या वर जाळ्यात होता. मी सांगितले की हे माझे पती आहेत. कशावरून ओळखले असे विचारल्यावरून सांगते की, ते घरी झोपतात तसेच होते.

पथकाचा माणूस खाली उतरला. वर येऊन म्हणाला की, मरळ जवळ गेल्याने तिची केबलही त्याच जाळ्यात गुंतली आहे, ओढाओढ केली तर देहाला इजा होईल. यावर विशाखाताई लगेच म्हणाल्या, "केबल कापा." इंद्रजीत फक्त "मॅडम" म्हणाले. त्या म्हणाल्या, "कापा, आधी त्यांना आणा." केबल कापण्यात आली. यंत्र गाळात गेले. त्या त्याकडे वळून पाहत नव्हत्या, माझा हात धरून बसल्या होत्या.

माझ्या पतीला काठावर आणले तेव्हा हाताला जाळे व कापलेल्या केबलचा तुकडा होता. दीर तेव्हाच पुढे आले व तेवढेच त्यांनी पाहिले. त्यांचा एकच भाऊ होता. त्यांच्यावर माझा राग नाही.

यंत्र काही दिवसांनी काढले, त्यात पाणी गेले होते. ठरलेली चाचणी झाली नाही. तेराव्यानंतर विशाखाताई घरी आल्या व म्हणाल्या, "वहिनी, त्या दिवशीचं चित्र होडीतल्या पडद्याच्या संगणकात नोंदलं गेलंय. गढूळ पाण्यात मरळीनं पाहिलेलं सगळ्यात स्पष्ट चित्र ते आहे. अधिकारी चाचणीऐवजी जुन्या नोंदी बघायला तयार आहेत. पण हे चित्र तुमचं आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी ते कोणाला दाखवणार नाही."

मी विचारले, "मग तुमचं कसं?"

त्या म्हणाल्या, "दुसरं यंत्र करू. पुन्हा येऊ तुमच्याच काठाला."

तो निर्णय मी त्या दिवशी घेतला नाही. त्यांनी पुन्हा विचारले नाही. ही तक्रार असेपर्यंत कंपनीचे सरकारी साहाय्य थांबले आहे, असे मला मागच्या आठवड्यात इंद्रजीत यांनी सांगितले. विशाखाताईंनी ते मला सांगितलेले नाही व या जबाबासाठी त्यांचा निरोप किंवा दबाव आलेला नाही. सासूबाईंना मी विचारून आले आहे. त्या म्हणाल्या, "पोरगं पळून गेलं म्हणत व्हते सारे. तिनं खरं काय ते दाखवलं. जा, सांग."

म्हणून सांगते की, माझ्या पतीचे ते चित्र पोलिसांनी तपासासाठी घ्यावे व विशाखाताईंनी नौदलाच्या अधिकाऱ्यांना दाखवावे, यास माझी संमती आहे. तिथेही गाळात उतरणारी माणसे असतात, त्यांनाही घरे असतील. दाखवताना माझ्या पतीचे नाव सांगितले तरी चालेल. माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.

हा जबाब संगणकावर लिहिल्यावर मला मराठीत वाचून दाखवण्यात आला. त्यात "एका खाजगी कंपनीच्या मदतीने मृतदेह मिळून आला" असे एक वाक्य होते. ते मी मान्य केले नाही. माझ्या सांगण्यावरून ते खोडून पुढीलप्रमाणे लिहिले : विशाखा खरात यांनी माझे पती शोधून दिले. आता जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

समक्ष

सही : मोनाली अतुल लिंबोरे