मिक्सरला हात लावू नको

आमच्या घरातलं पहिलं भांडण मिक्सरवरून झालं, म्हणलं तर तुमाला हसू येईल. लग्नाला दोनच महिने झाले होते. बायको तोंड फुगवून म्हणाली, "आई मला मिक्सरला हात लावू देत न्हाईत. मी काय मोडून टाकणार हाव का?"

मी आईला विचारलं, "काहून गं?"

"मला जमतंय तवर मीच वाटीन," एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी आई शेजारी गेलेली बघून बायकोनं चटणी वाटायला मिक्सर काढला. पिन लावणार, तेवढ्यात आई दारातूनच ओरडली, "हात लावू नको गं! झटका देतो त्यो!"

मी वायर उचलून बघितली. मिक्सरात शिरते तिथंच ती फाटली होती, आतली तार उघडी.

"मग तुमी कशा वाटता?" बायकोनं विचारलं.

"चप्पल घालून, लाटण्यानं बटन दाबून. दोनदा बसला झटका. पण नव्या सुनंला कसं सांगू, घरात धड मिक्सर न्हाई म्हणून? तुला काही झालं असतं तर तुझ्या मायला काय तोंड दाखवलं असतं?"

बायकोचे डोळे भरले, पण आवाज चढला. "आन तुमाला झालं असतं तर? वायर बदलल्याशिवाय आता तुमीबी हात लावायचा न्हाई!"

संध्याकाळी मी गोरेगावच्या बाजारातून मिक्सरला नवी वायर बसवून आणली, तेव्हा आई शेजारणीला सांगून राहिली होती, "आज सून लई रागावली मला."

चेहरा असा, जणू सुनेनं तिला नवं लुगडं घेऊन दिलंय.