श्रावणीला म्होरं बोलावलं तो दिवस

माझं माहेर वडूजकडचं, आमच्या घरात आज्या-पणज्यापासनं मेंढरं, शिकल्याली मीच पयली, आन् आता उंब्रजजवळच्या एका शाळंत चौथीला शिकवते, तिथं पुस्तकावानी बोलते, तुमच्याशी घरातल्यावानी बोलते, चालंल नव्हं? ल्हानपणी मी वर्गात बसले की पोरी नाकाला हात लावायच्या, मेंढरांचा वास येतो म्हणायच्या, त्यामुळं कुणी कुणाला हसल्यालं मला खपत न्हाई, लय राग येतो, आन् तिथंच माझं चुकलं बघा.

गेल्या साली वर्गात पल्लवी म्हणून पोरगी हुती, बोलताना अटकायची. एकदा धडा वाचताना अटकली, आन् मागनं श्रावणीनं तिची नक्कल केली, अख्खा वर्ग हसला. मी श्रावणीला म्होरं बोलावलं, म्हणलं आता तू वाच, तसंच अटकत वाच, सगळं पान. पोरं आदी हसली, मग गप झाली, ती रडायला लागली तरी मी थांबवलं न्हाई. दुसऱ्याला दुखवू नये हे शिकवत हुते मी, काय सांगू तुमाला.

दुसऱ्या दिवशी श्रावणी आली न्हाई, तिसऱ्या दिवशी बी न्हाई. हजेरीत तिचं नाव आलं की दाराकडं बघायचे. एवढीशी पोर, रागाच्या भरात कुठं निघून गेली तर, कॅनॉलकडं गेली तर, नको नको ते डोळ्याम्होरं यायचं. हेडमास्तरांस्नी सांगावं तर नोकरीची भीती, न सांगावं तर जिवाला चैन न्हाई. शेवटी शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले. आई म्हशीला वैरण टाकत हुती, म्हणली, बाई, ताप न्हाई, काय न्हाई, पण पोरगी तोंडातनं शब्द काढंना, शाळंत काय झालं का वो? म्हंजे पोरीनं घरी सांगितलंच नव्हतं. खोटं बोलायला वाट हुती मला. पण म्हणलं, आवं, माझ्याच हातनं झालंय, आन् सगळं सांगितलं. ती वैरण टाकतच ऱ्हायली, मग म्हणली, ते पोरीला सांगा, मला कशाला सांगताय.

श्रावणी आत भितीला टेकून बसल्याली. मी जवळ बसले, म्हणलं, बाळा, माझं चुकलं, उद्या वर्गात बी सांगणार हाय. तिनं एवढंच इचारलं, समद्यांच्या म्होरं? म्हणलं, व्हय.

ती आली. मी टेबलाला धरून उभी ऱ्हायले, सगळ्यांम्होरं तिची माफी मागितली. मग ती आपणहून उठली, पल्लवीजवळ जाऊन काय तरी पुटपुटली, मला ऐकू आलं न्हाई. पल्लवी म्हणली, ब... बस हितं. मागं कोण तरी फिसकन हसलं, श्रावणीनं वळून बघितलं तसं गप झालं. मी धड्याचं पान काढलं.

दोघी आता पाचवीत हायत. पर अजून माझा आवाज चढला की मीच दचकते, पोरांची तोंडं बघते, कुणाला लागलं का म्हणून. श्रावणी वाटंत भेटली की हसती, पण पयल्यावानी दंगा करत न्हाई, ती शानी झाली म्हणून का माझ्यामुळं, इचारायचा धीर हुत न्हाई मला. सुखात ऱ्हावू दे पोरगी, एवढंच म्हणते.