डावा पाय

माझ्या घरी येताय ते ठीक, पण आईसमोर कबड्डीचं नाव काढू नका हं.

ठाकुर्लीच्या मैदानावर फायनल होती, आमची आळी विरुद्ध खोपटची टीम. आणि खोपटचा मेन रेडर कोण? निलेश, माझ्या बायकोचा सख्खा भाऊ! मी वैशालीला आधीच बजावलेलं, "भावासाठी टाळीसुद्धा वाजवायची नाही. आपल्याला या आळीत राहायचंय."

पण ती तर आमच्याच बाजूने घसा फोडून ओरडत होती. शेवटची चढाई, आम्ही एका पॉइंटने पुढे. निलेश आत शिरला तशी ही उभीच राहिली. "डावा पाय धरा त्याचा! डावा कच्चा आहे!"

आमचे दोघे डाव्या पायावर झेपावले. पठ्ठ्याने त्याच पायाने दोघांनाही फरफटत नेऊन मधली रेघ गाठली. हरलो.

तरी आई आळीभर सांगत सुटली, आणि कबड्डीचा विषय निघाला की अजूनही सांगते, "माझ्या सुनेने सख्ख्या भावालाही सोडलं नाही!"

घरी आलो तर वैशाली शिरा करत होती.

"अगं, हरलो ना आपण?"

"हो ना," ती काजू टाकत म्हणाली. "ओरडले मी सासरसाठीच. सल्ला तेवढा माहेरचा होता."